चालकास मान्य

भिवा ड्रायव्हर गाडीत माणसे बसवत नसे, भरत असे. दवाखान्याच्या जुन्या जीपपाशी तो उभा राही, चढणाऱ्याला एकदा खालपासून वरपर्यंत बघे आणि जागा सांगे. "तुमी मागे, डावीकडे. तू गो, तेंच्या समोर बस. औषधाची पेटी मधी." यात मान, वय, हुद्दा कशाचा विचार नव्हता. विचार फक्त वजनाचा. आमच्या समितीचे अध्यक्ष नानासाहेब मालवणात वकिली करत. ते एकदा सवयीने पुढे बसायला गेले, तर भिवाने दार धरून ठेवले.

"नानानू, तुमी मागे मधी बसा. कडेक बसल्यार गाडी तुमच्या बाजून वाकता."

"अरे, मी अध्यक्ष आहे."

"व्हय. म्हणानच मधी."

नानासाहेब हसले आणि मध्ये जाऊन बसले. पण ते त्यांच्या लक्षात राहिले असावे.

भिवाला ही सवय गाडीने लावलेली नव्हती, होडीने लावली होती. त्याचे घराणे तारी. आमच्या खाडीवरून माणसे नेण्या-आणण्याचे काम त्याचे वडील, चुलते पिढीजात करत आलेले. भिवा लढाईच्या दिवसांत लष्करात गेला, तिथे मोटार शिकला आणि परत आला तो ड्रायव्हर होऊन. पण माणूस पाय टाकताच होडी किती बसेल हे लहानपणी त्याच्या अंगात शिरले होते ते तसेच राहिले. गाडीसुद्धा तो अनवाणीच चालवी. चपला सीटखाली. "पायाक इंजान कळाक होया," म्हणे.

मी या दवाखान्याची नर्स. औषधांची नोंद, बाळंतपणांची नोंद, समितीच्या बैठकांची टिपणे, सगळे माझ्याकडे. मला याद्या लागतात. याद्यांशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखाच वाटत नाही. भिवा रुजू झाला त्याच आठवड्यात मी गाडीसाठी एक वही आखली: निघण्याची वेळ, पोचण्याची अपेक्षित वेळ, पोचण्याची प्रत्यक्ष वेळ. मधला रकाना सात वर्षे कोरा राहिला.

"भिवा, आचऱ्याला किती वाजता पोचू?"

"पोचल्यार सांगतंय."

"अंदाजाने तरी."

"बाई, तुमी झालेलां लिवा. व्हवचां आसा तां कित्याक लिवतास?"

मी चिडे. तो गाडी पुसायला लागे. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्याला अहोजाहो करी, पण त्या अहोजाहोत एक सूर असे. तो मला आता ऐकू येतो.

त्याच्या हाताखालची जीप लढाईतून उरलेली होती. बॉनेट काथ्याने बांधलेले, एक दिवा बंद. तरी ती भिवाने कधी रस्त्यात सोडली नाही. एका महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या जत्रेत आम्ही औषधांचे टेबल मांडले होते. परतताना किनाऱ्यालगतच्या मऊ रेतीत जीप रुतली. शेजारीच एक मोठा ट्रक रुतलेला. त्याचा तरुण ड्रायव्हर जोर लावत होता. चाके फिरत होती आणि ट्रक खाली खाली जात होता. भिवा उतरला, एका झाडाच्या मुळावर बसून बिडी ओढली, मग चारी चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. झोपडीवाल्या एका बाईकडून विणलेल्या चार जुन्या झावळ्या मागून आणल्या, चाकांपुढे अंथरल्या आणि इतक्या हलक्या पायाने जीप वर काढली की मागे बसलेल्या आम्हाला धक्काही कळला नाही.

ट्रकवाला म्हणाला, "काका, माझां इंजान तुमच्या दुप्पट आसा, तरी भायर येणा नाय."

"दुप्पट आसा म्हणानच," भिवा म्हणाला. "रेतीक जोर दाखवलंस तर ती खड्डो दाखयता." मग त्याच झावळ्या त्याने ट्रकपुढे नेऊन टाकल्या.

हे मी डोळ्यांनी पाहिले होते. वहीतही लिहिले होते: 'कुणकेश्वर, रेतीत अर्धा तास मोडला.' झावळ्यांविषयी काही लिहिले नाही.

आमच्या कामाची जागा सांगायला हवी. दवाखाना खाडीच्या अलीकडे, कट्टा गावाच्या रस्त्याला. पलीकडे सात वाड्या. पूल नव्हता. गाडी पलीकडे न्यायची तर सांगडीवरून. दोन होड्या शेजारी शेजारी घट्ट बांधायच्या, त्यांच्यावर आडव्या जाड फळ्या टाकायच्या, की झाली सांगड. किनाऱ्यावरून गाडी आडवी वर चढवायची. मागची चाके अलीकडच्या होडीवर, पुढची पलीकडच्या. जुनी जीप चढली की दोन्ही होड्या सारख्या बसत आणि पाणी काठापासून वीतभर खाली राही. भिवाचा चुलतभाऊ दामू आणि दुसरा एक तारी वल्ही मारत. आठवड्यातून दोनदा आम्ही असे पलीकडे जायचो. अडलेल्या बाळंतिणीसाठी केव्हाही जायचो.

मग गावच्या एका मुंबईकर गृहस्थांनी दवाखान्याला नवी गाडी द्यायचे ठरवले. उंच, चारी चाकांना जोर असलेली, मागे रोगी आडवा झोपवता येईल अशी. कंपनीकडून दोन छापील कागद आले. गाडी तीच, इंजिने दोन. एक चार सिलिंडरचे लहान, एक सहा सिलिंडरचे मोठे. देणाऱ्यांनी कळवले, तुम्हाला हवे ते सांगा. समितीने मला सांगितले, गाडी तुम्ही वापरता, तुम्ही यादी करून शिफारस द्या. यादी म्हटल्यावर मी खूश झाले.

खरे म्हणजे माझे आधीच ठरले होते. दोन महिन्यांपूर्वी कट्ट्याच्या चढावर जुनी जीप दमली होती. मागे एक तापाने फणफणलेला म्हातारा. मी आणि त्याचे दोन मुलगे उतरून ढकलत होतो. वरून येणाऱ्या लॉरीतला एकजण ओरडला, "ढकल गो बाय, ढकल." मी पांढऱ्या कपड्यांत, घामाने निथळलेली. त्या दिवशी मी मनात म्हटले होते, पुढची गाडी अशी घेईन की ती या चढावर थांबणार नाही. हे कारण यादीत लिहिता येत नव्हते. म्हणून मी दुसरी कारणे शोधली आणि ती भरपूर सापडली.

भिवाला मी विहिरीपाशी गाठले. तो बादल्या धूत होता.

"भिवा, नव्या गाडीला मोठे इंजिन घ्यावे असे वाटते. तुमचे मत काय?"

"ल्हान घेवा."

"का?"

त्याने कागदावरची दोन्ही चित्रे शेजारी धरून पाहिली. "मोठ्या इंजानाचां नाक बगा. हातभर लांब आसा. सगळां वजन पुढे. सांगडीर चढली की पलीकडली होडी बसतली."

"किती वजन जास्त, ते सांगा. मला लिहायचे आहे."

"आकड्यात माका म्हायत नाय."

"मग कसे लिहू?"

त्याने कागद माझ्या हातात परत दिले. गुरांना पाणी पाजायची दगडी डोण भरलेली होती. त्याने दोन करवंट्या आणल्या, पाण्यावर शेजारी शेजारी सोडल्या, वर दोन काटक्या ठेवल्या. काटक्यांच्या मधोमध एक चपटा खडा ठेवला. करवंट्या डुलल्या आणि स्थिर झाल्या. मग त्याने तोच खडा दोन बोटे पुढे सरकवला आणि त्यावर शेंगदाण्याएवढा एक खडा ठेवला. पुढची करवंटी हळूच वाकली, तिच्या काठावरून पाण्याची धार आत गेली आणि ती बुडाली. बुडताना कसला आवाजही झाला नाही.

"ह्यां असां," भिवा म्हणाला.

मी हसले. मला आठवते, चांगले मोकळे हसले. "अहो भिवा, करवंट्यांवरून मोटारीचे इंजिन निवडतात का कोणी?"

तोही थोडा हसला. करवंट्या डोणीतून काढून झाडाच्या बुंध्याशी पालथ्या घातल्या. "बरां," म्हणाला, आणि बादल्या उचलून गेला.

यादीत एकोणीस मुद्दे होते. चढ, वेग, भार, टिकाऊपणा, रोग्याला कमी हिसके, सुटे भाग, पुढच्या दहा वर्षांची गरज. सतरा मोठ्या इंजिनाच्या बाजूने. पेट्रोल आणि वळणे लहानाच्या बाजूने. खाडी यादीत नव्हती. शेवटचा एकोणिसावा मुद्दा समितीने आवर्जून सांगितलेला होता: चालकाचे मत. त्यापुढे मी लिहिले, 'चालकास मान्य.'

लिहिताना हात थांबला असे म्हणता आले तर बरे झाले असते. थांबला नाही. त्याचे मत मला मत वाटलेच नव्हते. आकडा नसलेली गोष्ट मी मोजत नसे. दोन ओळींत 'चालकाचा विरोध आहे, कारण सांगड' असे लिहिले असते तर नानासाहेबांनी दोन प्रश्न विचारले असते, एक बैठक वाढली असती. मला ते नको होते. यादी सुबक दिसत होती.

गाडी आली तेव्हा कट्ट्यापर्यंत माणसे बघायला आली. भिवाने ती चढावरून एका दमात वर नेली. तेही सांगायला हवे. मी त्याच्या शेजारी बसले होते आणि लॉरीतला तो माणूस आज कुठे दिसतो का ते बघत होते.

चौथ्या दिवशी पलीकडे जायचे ठरले. सकाळची भरती. पलीकडच्या काठावर सातही वाड्यांतल्या बायका आरत्या घेऊन उभ्या. अलीकडे नानासाहेब आणि समितीची माणसे. भिवाने सांगडीभोवती एक फेरी मारली, फळ्या हाताने दाबून पाहिल्या आणि माझ्याकडे आला.

"बाई, मागे चार धोंडे भरूया. नाक उचलतलां."

"नव्या गाडीत धोंडे?" मी म्हटले. मागे नवे कोरे रेक्झिन होते, रोग्यासाठी मी स्वतः त्याच्यावर पांढरी चादर ताणली होती. "लोक बघताहेत, भिवा."

"आज लोक बगतत म्हणानच सांगतंय."

नानासाहेबांनी घड्याळ पाहिले. "चला हो, भरती उतरेल."

भिवाने मग एवढेच केले की आम्हा सगळ्यांना वेगळ्या होडीत बसवले. गाडीत तो एकटा. ब्रेकवर पाय ठेवून. आम्ही मागून येत होतो आणि मला गाडीचे मागचे दार दिसत होते. गाडीच्या पलीकडची होडी मला दिसत नव्हती. दामूला दिसत होती. खाडीच्या मध्याच्या पुढे तो वल्हे टाकून ओरडला. एक लाट, म्हणजे लाट म्हणावी इतकीही नव्हे, त्या होडीच्या काठावरून आत गेली. मग आणखी एक. फळ्या तिरक्या झाल्या, आणि गाडी अगदी सावकाश, जसे कोणी वाकून नमस्कार करावा तशी, नाकावर पाण्यात गेली.

पाणी तिथे छातीइतके होते. भिवा खिडकीतून बाहेर आला, आधी दामूला धरून उभा केला, मग गाडीच्या छतावर हात ठेवून तसाच थांबला. दामूची होडी तळाशी चिरली. कोळ्यांनी दोर लावून दुपारपर्यंत गाडी ओढून काढली. इंजिनात खारे पाणी गेले होते. बायका आरत्या घेऊन परत गेल्या.

आठ दिवसांनी बैठक झाली. भिवाला बोलावले होते. तो दाराशी उभा राहिला. नानासाहेबांनी माझी यादी वाचून दाखवली, एकोणिसावा मुद्दा दोनदा.

"भिवा, तू तारी घराण्यातला. सांगडीचे तुला कळायला नको? आणि इथे तर लिहिले आहे, चालकास मान्य. तू मान्य का केलेस?"

भिवाने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या कागदांचे कोपरे जुळवत होते. त्याला सही करण्यापुरतेच लिहिता येई. त्या कागदावर काय आहे ते त्याला पहिल्यांदाच कळत होते.

"बोल की."

"बाईनी लिवलेलां आसा," तो म्हणाला, "म्हणजे तसांच आसतलां."

खोलीत सात माणसे होती. तेव्हा एक वाक्य पुरले असते. मी दौतीचे झाकण लावले. हे वाक्य त्याने माझ्यावरच्या विश्वासाने म्हटले की मला वाचवायला म्हटले, की मला ओळखून म्हटले, ते मला अजून ठरवता आलेले नाही. तिन्हींतले कुठलेही धरले तरी माझी बाजू सुधारत नाही.

त्याला कामावरून काढले. मालवणातून एक तरुण ड्रायव्हर आला. गाडी दुरुस्त झाली, पण खाडी तिने पुन्हा ओलांडली नाही. पलीकडचे रोगी डोलीतून काठापर्यंत, तिथून होडीने अलीकडे, मग गाडीत. आठवड्यातून दोनदा मी पायी काठावर जाऊन पलीकडे जाऊ लागले. होडी दामूची, डागडुजी केलेली. वल्ह्यावर भिवा.

सहा वर्षे त्याने मला नेले, आणले. कधी शब्दाने टोचले नाही. उलट विचारी, "नवो ड्रायव्हर तेल बगता मां? रेडिएटर वेळच्या वेळी भरूक सांगा." काठावरची काही माणसे मात्र टोचत. "काय भिवा, गाडी बुडयलंस, आता आमका बुडयशील." तो म्हणे, "तुका बुडवक इतकी म्हेनत कोण करतलो?" सगळे हसत. मी पिशवीत काहीतरी शोधू लागे. जत्रेला जायला एका वाडीची माणसे लॉरी ठरवत होती. लॉरीचा मालक भिवाला चालवायला नेणार होता, पण कोणीतरी म्हणाले, त्याने दवाखान्याची गाडी घालवली. तो विषय तिथेच संपला. हे मला होडीतच समजले, दामूच्या तोंडून. भिवा वल्हे मारत होता.

माझ्या कामांच्या यादीत तेव्हापासून एक ओळ असे: 'भिवाशी बोलणे.' आठवड्याच्या शेवटी उरलेली कामे मी पुढच्या पानावर उतरवते. ही ओळ पानावरून पानावर, वहीतून वहीत उतरत गेली. तिच्या आगेमागची कापूस, फिनेल, चादरी ही कामे खोडली जात.

मग गेल्या वर्षी एका सोमवारी भिवा स्वतः दवाखान्यात आला. इतक्या वर्षांत त्याने या पायरीवर पाय ठेवला नव्हता. केस पिकलेले, शर्टाला इस्त्री.

"बाई, रेडीक खाणीर ड्रायव्हर घेतत म्हणतत. दाखलो होयो. सात वर्सां गाडी चलयली इतक्यांच लिवा."

मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. मी कागद घेतला आणि लिहायला बसले. वर्षे लिहिली, स्वभाव लिहिला, कामातली सचोटी लिहिली. मग थांबता येईना. लिहिले की नव्या गाडीच्या इंजिनाबाबत यांनी दिलेला सल्ला बरोबर होता, तो मी डावलला, आणि समितीपुढे खोटे लिहिले. खाली सही केली. मग त्याला वाचून दाखवले.

तो सगळे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "शेवटचां काढा, बाई."

"का? ते खरे आहे."

"खरां आसा तां माका म्हायत आसा. रेडीक तां कोण इचारता? त्येंका गाडी चलवक येता काय, इतक्यांच होया. असलां वाचून म्हणतले, ह्या माणसाच्या पाठीमागे कायतरी भानगड आसा."

"मग मी काय करू?"

"दुसरो कागद घेवा," भिवा म्हणाला.

मी दुसरा कागद घेतला. चार ओळी. तो त्याने घडी करून खिशात ठेवला. पहिला माझ्या टेबलावर राहिला. जाताना तो त्या कागदाकडे बघून म्हणाला, "ह्यो हंय वाचूक होयो. तुमच्या मीटिंगेत." रागाने नाही. गाडीत जागा सांगायचा तसा.

बैठक गुरुवारी होती. कागद मी फाइलीत घालून नेला. विषय पाच होते. नानासाहेब थकलेले, पंखा बंद, दोघे लवकर उठून जाणार होते. पाचवा विषय संपला तेव्हा त्यांनी विचारले, "आणखी काही?" मी म्हटले, "नाही."

शनिवारी औषधे आणायला कट्ट्याला गेले. एस.टी. उभी होती आणि खिडकीत भिवा बसलेला. मांडीवर कापडी पिशवी. मला बघून त्याने खिडकीबाहेर मान काढली.

"मीटिंग झाली?"

"झाली."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. "बरां," म्हणाला आणि मान आत घेतली. मी खिडकीखाली उभी राहिले. काहीतरी बोलायला हवे होते म्हणून म्हटले, "जपून जा." ते त्याने ऐकले की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात कंडक्टर तिकिटे फाडत त्याच्यापाशी आला होता.

"काका, खंय?"

"रेडी."

"लेकाकडे जातास?"

"नाय रे," भिवा म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम चढवला नव्हता, पण मला स्पष्ट ऐकू आला. "ड्रायव्हर आसंय मी."